गणित सोडायला लावू नका

प्रश्न : दहावीला ९३ टक्के मिळवलेली माझी मुलगी म्हणते, गॅमा किरण आणि वैश्विक किरणांतून डार्क मॅटर शोधणार. आम्ही नीटच्या क्लासचा पहिला हप्ता भरलाय. अकरावीच्या फॉर्ममध्ये गणित घेऊच दिलं नाही, तर हे खूळ उतरेल ना? जे कुणालाच सापडलं नाही त्यापायी आयुष्य का घालवायचं?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातलं 'गणित घेऊच दिलं नाही तर' वाचून मला धास्ती वाटली. लेकीशी बोलायचं सोडून तुम्ही तिची वाट परस्पर बंद करायला निघालात. हे तिला कळणार नाही असं समजू नका. कळेल, आणि मग ती तुम्हाला मनातलं सांगायचीच थांबेल. मन मारून नीट दिलेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. मार्क कमी पडलेले असतात आणि घरातलं बोलणंही तुटलेलं असतं.

आता 'सापडलं नाही'बद्दल. डार्क मॅटर म्हणजे दिसत नाही, पण ज्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं असं द्रव्य. डार्क मॅटरचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील, तर त्यातून गॅमा किरण आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण धनभारित कण) निघायला हवेत. २००८ पासून अवकाशातली फर्मी दुर्बीण आणि २०११ पासून अवकाश स्थानकावरचं एएमएस उपकरण त्यांची मोजणी करतंय. आकाशगंगेच्या केंद्राकडून अपेक्षेपेक्षा जास्त गॅमा किरण येतात. ते डार्क मॅटरचे की पल्सारचे, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्यांचे, हा वाद २००९ पासून मिटलेला नाही. पण यात काम करणाऱ्यांचं पोट काही सापडण्यावर चालत नाही. बटुदीर्घिकांकडून, म्हणजे आकाशगंगेभोवतीच्या डार्क मॅटरने भरलेल्या छोट्या दीर्घिकांकडून, संकेत आला नाही, यावरूनही कोणते कण बाद झाले ते ठरतं, आणि त्यावर पीएचडी होते. लडाखला हानलेत २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण आहे. गॅमा किरण वातावरणात शिरला की काही अब्जांश सेकंद निळसर चमक उमटते, ती ही दुर्बीण टिपते. वैश्विक किरणांमुळेही, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांमुळेही, तशाच चमका उमटतात, आणि त्या कितीतरी जास्त. त्यांतून गॅमाच्या निवडून काढायच्या तर गणित, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग लागतं. ते ज्याला येतं त्याला काम मिळतं. मात्र संशोधकांच्या कायम जागा थोड्या आहेत आणि पीएचडीतच पाच-सहा वर्षं जातात, हे तिलाही स्पष्ट सांगा.

प्रवेशासाठी बारावीनंतर आयसर या विज्ञान संस्थांची परीक्षा, नायसरसारख्या संस्थांसाठीची नेस्ट, नाहीतर सोलापुरातच बीएस्सी करून एमएस्सीसाठीची जॅम परीक्षा.

फॉर्ममध्ये गणित ठेवा. जीवशास्त्रही घ्यायचं का, ते तिला विचारून ठरवा. फर्मीचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. सुट्टीत तिला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू द्या, तो डेटा उघडून बघू द्या. नाही आवडला तर तीच सांगेल. क्लासवाल्यांकडे हप्ता परत मागा, आणि नाही दिला तर त्या पैशांवर पाणी सोडा.