वाचक विचारतात : पडदा दूर होण्याआधीची नव्वद वर्षं

प्रश्न : १९२३ मध्ये हुदा शारावींनी कैरो स्टेशनवर चेहऱ्यावरचा पडदा काढला आणि तिथून इजिप्तच्या बायका घराबाहेर पडल्या, असं वाचलं. त्याआधी काहीच नव्हतं का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : होतं, आणि तेही सरकारी पगारावर. इजिप्तचा तेव्हाचा सत्ताधीश मुहम्मद अली पाशा याला फौज हवी होती आणि देवी, गुप्तरोग माणसं पोखरत होते. पण घरातल्या बायकांना पुरुष डॉक्टर तपासणार कसा? म्हणून क्लो बे या फ्रेंच डॉक्टरने १८३२ मध्ये हकीमांची, म्हणजे स्त्री-वैद्यांची शाळा काढली. मुली पाठवायला कुणी तयार होईना. मग कैरोच्या गुलामांच्या बाजारातून हबशी आणि सुदानी मुली विकत घेऊन पहिला वर्ग भरवला. स्त्रीशिक्षणाचा हा श्रीगणेशा कौतुकाने सांगणारे ही खरेदी बहुधा गाळतात.

अभ्यास सहा वर्षांचा. आधी अरबी लिहिणं-वाचणं, मग बाळंतपण, मलमपट्टी, औषधं तयार करणं, देवी टोचणं. पास झाली की लष्करी हुद्दा मिळे. नवराही सरकारच बघून देई, तो वैद्यक खात्यातलाच. कामात बायकांच्या मोफत दवाखान्याबरोबर जन्मनोंदी, मृत्यूचं कारण तपासणं आणि पोलिसांच्या सांगण्यावरून मुलींची शारीरिक तपासणीही होती. अशी बाई दारात आली तर कुणाला आनंद होणार? बहुतेक बाळंतपणं गावच्या सुइणींकडेच राहिली. १८८२ नंतर, इंग्रजांच्या अमलात, हकीमेचं काम नर्स-सुइणीपुरतं आक्रसलं.

प्रश्न : अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) तिथला कापूस येईनासा झाला आणि मुंबईत कापसाचा पैसा उसळला, तसाच इजिप्तमध्येही. तिथल्या बायकांना त्यातून काय मिळालं? (एक वाचक, माझगाव)

उत्तर : कष्ट. बोंडं वेचायला शेतात बायका-मुलं राबत. हाती पैसा आलेल्या शेतकऱ्यांनी त्याच तेजीत गुलामही विकत घेतले; गुलामांचा व्यापार थांबवण्याचा ब्रिटनशी करार झाला तो १८७७ मध्ये. मुंबईत स्टुडंट्स सोसायटीच्या मुलींच्या शाळा १८४९ पासून होत्या. कैरोतली मुलींची पहिली सरकारी शाळा, सुयूफिया, १८७३ ची, तीही इजिप्तचा खेदीव (शासक) इस्माईल याच्या एका बेगमेच्या आश्रयाने. पुढे शिक्षिका तयार झाल्या, पण पगार पुरुषांच्या निम्मा. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं : पुरुषांकडे माध्यमिक परीक्षेचं प्रमाणपत्र आहे. शिक्षिका नबविया मूसा यांनी १९०७ मध्ये तीच परीक्षा दिली, पास झाल्या आणि पुरुषांइतका पगार मागितला.