कलरमधला ‘यू’ आणि लाल रेघ

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. शाळेत ‘कलर’मध्ये यू घालायला शिकवतात, पण घरी प्रकल्प टाइप करताना कॉम्प्युटर त्याच शब्दाखाली लाल रेघ ओढतो. बरोबर कोण?
– एक पालक, सातारा

उत्तर : दोघंही. शाळा ब्रिटिश वळणाची, तुमचा कॉम्प्युटर अमेरिकी. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात हा यू आहे. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८च्या कोशात तो वगळला. ‘सेंटर’च्या शेवटचं आर-ई उलटं करून ई-आर करणाराही तोच. जिभेला म्हणतात तो ‘टंग’ शब्द टी-यू-एन-जी लिहावा, असाही त्याचा आग्रह होता. तो मात्र अमेरिकेनेही मनावर घेतला नाही!

भाषेच्या सेटिंगमध्ये ‘इंग्लिश इंडिया’ निवडा, रेघ जाईल.

झेडवर मात्र उगाच राग नको. ‘ऑर्गनाइझ’मध्ये झेड दिसला की आपल्याकडे लगेच ‘अमेरिकी’ म्हणून लाल पेन चालतं, पण खुद्द ऑक्सफर्डचा कोश झेडच पुढे ठेवतो. ‘अ‍ॅडव्हर्टाइज’ला तेवढा दोन्ही देशांत एसच.

खरी गफलत ‘प्रॅक्टिस’मध्ये होते. ब्रिटिश पद्धतीत नाम असेल तर शेवटी सी-ई, क्रियापद असेल तर एस-ई. अडलं की ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘अ‍ॅडव्हाइझ’ आठवा. तिथे उच्चारच फरक सांगतो. अमेरिकेत दोन्हीकडे सी-ई. मुलीला एकच पद्धत धरायला सांगा. एकाच पानावर दोन्ही दिसल्या, तर मीसुद्धा मार्क कापीन.