अ‍ॅनिमल वेल पहिल्यांदा खेळणार असशील तर

सगळ्यात आधी यूट्यूब बंद कर. बिली बासो या एकट्या माणसाने सुमारे 7 वर्षं खपून केलेला हा व्हिडिओ गेम (2024) सगळा शोधण्यावरच उभा आहे. कुणी उत्तर सांगितलं की मजा गेली.

हेडफोन लाव, खोलीत अंधार कर. इथे तलवार-बंदूक मिळत नाही. मिळतात फटाके, साबणाचे फुगे काढायची कांडी, यो-यो अशी खेळणी. फटाक्याने भूत पळतं, हे लगेच कळेल. पण प्रत्येक वस्तूचा दुसरा, कधी तिसराही उपयोग असतो आणि तो गेम तुला सांगत नाही. कांडीतून निघालेल्या फुग्यावर उडी मारून बघ. नवी वस्तू हाती आली की जुन्या खोल्यांत परत जा.

भिंती सरळ वाटल्या तरी घासून बघ, बऱ्याच पोकळ असतात. नकाशावर शिक्के मारता येतात, शंका आली तिथे मारून ठेव. टेलिफोन दिसला की सेव्ह कर, आळस नको.

गेमभर लपवलेल्या 64 अंड्यांच्या मागे सुरुवातीला लागू नकोस, आधी गेमचा मुख्य भाग संपवायला लागणाऱ्या चार ज्योती मिळव. आणि सगळ्यात खोल लपवलेल्या सशांचं म्हणशील तर, ते एकट्याने जमणारं काम नाही. तिथे इतरांना खुशाल विचार.