'नॉर्मल', सामान्य आणि प्रसामान्य

प्रश्न असा आला आहे : 'पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र आहे. सर वर्गात नॉर्मल डिस्ट्रिब्युशन म्हणतात. एका मराठी पुस्तकात सामान्य वितरण दिलंय, दुसऱ्यात प्रसामान्य वितरण. बरोबर कुठलं? आणि या एकाच वितरणाला नॉर्मल म्हटलं, तर बाकीची काय ॲबनॉर्मल?'

बोलताना नॉर्मल म्हणा, काही बिघडत नाही. लिहिताना मात्र 'प्रसामान्य वितरण' लिहावं असं माझं ठाम मत आहे. शब्द जड वाटतो, पण तो एक गोंधळ टाळतो, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळही त्याच गोंधळात आहे.

'वितरण'बद्दल फार अडायला नको. बक्षीस वितरण, धान्य वितरण यांमुळे आधी वाटपच डोळ्यांसमोर येतं, पण 'वारंवारता वितरण सारणी' आपण शाळेतच केलेली असते. कोणत्या किमतीला किती वारंवारता आली, याची मांडणी म्हणजे वितरण. इथेही अर्थ तोच.

अडचण 'सामान्य'ची आहे. सामान्य माणूस म्हणजे साधासुधा, सामान्य ज्ञान म्हणजे कुठल्याही एका विषयापुरतं नसलेलं, आणि सामान्य रुग्णालय म्हणजे सगळ्या आजारांचं. मुळात 'समान'वरून आलेला हा शब्द. पुष्कळांत सारखं असतं ते सामान्य. वैशेषिक या भारतीय दर्शनातही 'सामान्य' हा स्वतंत्र पदार्थ, म्हणजे जगातल्या गोष्टींचा एक मूलभूत प्रकार आहे आणि त्याच्या शेजारी 'विशेष' उभा आहे. आपल्या गणिताच्या पुस्तकांनी हाच अर्थ उचलला. वर्गसमीकरणाचं 'सामान्य रूप' म्हणजे ज्यात कुठलंही वर्गसमीकरण बसेल असं रूप. मग 'सामान्य वितरण' वाचणारा काय समजेल? कुठलंही, सर्वसाधारण वितरण. प्रत्यक्षात ते एका ठरावीक सूत्राच्या, घंटेच्या आकाराच्या वक्राचं विशेषनाम आहे. अर्थ बरोबर उलटा होतो. 'प्र' लावल्याने निदान एवढं कळतं की हा रोजचा सामान्य नव्हे, ही परिभाषा आहे.

हे विशेषनाम कशाचं, ते हाताने करून पाहण्यासारखं आहे. दहा नाणी उडवली तर छापा-काट्याच्या एकूण १०२४ रचना होतात. त्यांत पाच छापे २५२ रचनांत येतात, चार २१०, तीन १२०, दोन ४५, एक १०, आणि एकही छापा नाही अशी रचना एकच. सहापासून दहा छाप्यांपर्यंत हेच आकडे उलट दिशेने : २१०, १२०, ४५, १०, १. वहीत याचा आयतालेख (शेजारी-शेजारी उभ्या स्तंभांचा आलेख) काढा. मध्य, म्हणजे सरासरी, ५, आणि प्रमाण विचलन (आकडे मध्याभोवती किती पसरलेत याचं माप) अडीचचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.५८. चार ते सहा छाप्यांच्या रचना २१० + २५२ + २१० = ६७२, म्हणजे ६५.६ टक्के. आता नाणी बाजूला ठेवा. ५ आणि १.५८ या दोनच संख्या घेऊन प्रसामान्य वक्र काढा आणि साडेतीन ते साडेसहा यांमधलं त्याच्याखालचं क्षेत्रफळ तक्त्यावरून पाहा (चारचा स्तंभ साडेतीनपासून सुरू होतो आणि सहाचा साडेसहाला संपतो, म्हणून हे अर्धे). उत्तर येतं ६५.७ टक्के. फक्त दहा नाणी, आणि फरक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाएवढा! मला हा मेळ अजूनही फार सुंदर वाटतो.

हेच काम अब्राहम द मॉयव्हर या गणितीने १७३३ मध्ये केलं. शेकडो नाण्यांच्या रचनांचे असे आकडे हाताने काढणं अशक्यप्राय होतं, म्हणून त्याने जवळचं सोपं सूत्र शोधलं, आणि ते सूत्र म्हणजे हा वक्र. त्याने त्याला 'नॉर्मल' म्हटलं नव्हतं. १८०९ मध्ये जर्मन गणिती गाऊसने ग्रहांच्या कक्षा मोजताना होणाऱ्या चुकांसाठी हाच वक्र वापरला. १८१० मध्ये फ्रेंच गणिती लाप्लासने दाखवलं की बऱ्याच छोट्या, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या गोष्टींची बेरीज झाली की बेरजेचं वितरण या वक्राकडे सरकतं. त्यालाच आपण आज केंद्रीय सीमा प्रमेय म्हणतो. 'बेरीज' या शब्दाखाली रेघ मारून ठेवा. उत्पन्नासारख्या राशीत वाढ बेरजेपेक्षा गुणाकाराने होते, म्हणून तिचा आलेख उजवीकडे लांब शेपूट काढतो आणि मध्य हा मध्यकाच्या (सगळ्या किमती क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या किमतीच्या) पुष्कळ वर जातो. तिथे घंटा शोधू नये.

'नॉर्मल' हे नाव १८७०च्या दशकात आलं आणि रुळलं ते पुढे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसनमुळे. लॅटिनमधला 'नोर्मा' म्हणजे सुताराचं काटकोन पाहायचं हत्यार, आपला गुण्या. त्यावरून नियमाला धरून असलेलं ते नॉर्मल, आणि भूमितीत काटकोनात असलेलं ते नॉर्मल, ज्याला आपण अभिलंब म्हणतो. हळूहळू त्यात 'जसं असायला हवं तसं' हा अर्थ मुरला. बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाने तर स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं या वक्रावर बसवून सरासरी माणूस हा निसर्गाचा आदर्शच मानला. बाकीचे त्या आदर्शापासून ढळलेले. तुमचा 'ॲबनॉर्मल'चा प्रश्न याच विचारातून निघतो. पिअरसनलाही तो जाणवला होता. गाऊस आणि लाप्लास यांच्यातला श्रेयाचा वाद टळावा म्हणून हे नाव बरं, पण त्यामुळे इतर वितरणं कुठल्यातरी अर्थाने बिघडलेली आहेत असा लोकांचा समज होतो, असं त्याने १९२० मध्ये स्वतःच लिहिलं.

रोजच्या मराठीतले 'नॉर्मल' या वक्रापासून वेगळे ठेवायला हवेत. 'रिपोर्ट नॉर्मल आला' घ्या. रिपोर्टावरची नॉर्मल रेंज साधारणपणे निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के ज्यात येतात तो पट्टा असतो. पुष्कळ घटकांचं वितरण प्रसामान्य नसतंच, तरी पट्टा काढता येतो : खालचे अडीच आणि वरचे अडीच टक्के सोडले की झालं. म्हणजे या नॉर्मलचा घंटेशी संबंध असेलच असं नाही. आणि धडधाकट माणसांतही वीसात एक जण पट्ट्याबाहेर असणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर सगळ्या पट्ट्यात येण्याची संभाव्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे जेमतेम ३६ टक्के. एखादा आकडा ठळक अक्षरात छापून आला की घरात जी घाबरगुंडी उडते, तिच्यात या शब्दाचा वाटा मोठा आहे. आकड्याचा अर्थ डॉक्टरांनाच विचारावा, पण 'पट्ट्याबाहेर' आणि 'आजारी' हे दोन वेगळे शब्द आहेत.

पावसाचा नॉर्मल तिसराच. हवामान खातं दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पावसाला नॉर्मल म्हणतं. देशभरच्या मोसमी पावसाचं प्रमाण विचलन त्या सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे हा पट्टा इतका अरुंद ठरतो की तीन वर्षांत साधारण एकच वर्ष त्यात बसतं. मराठी वर्तमानपत्रं इथे 'सरासरीइतका पाऊस' लिहितात, आणि तेच नेमकं आहे.

सरासरी आणि तिच्याभोवतीचा पसारा यांतला फरक किती दूरवर जातो, हे पुण्यात झालेल्या एका वादात दिसतं. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा माणशी रोज २२५० कॅलरी ही सरासरी गरज आधाराला घेतली होती. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी याला हरकत घेतली. गरज माणसागणिक बदलते. ती मध्याभोवती सममित पसरलेली असेल तर निरोगी, पोटभर जेवणाऱ्यांपैकीही जवळजवळ निम्मे मध्याच्या खालीच असणार. त्यांना कुपोषित कसं म्हणायचं? म्हणून त्यांनी मध्यातून दोन प्रमाण विचलनं वजा करून सीमा धरली. प्रसामान्य वितरणात तिच्याखाली जेमतेम सव्वादोन टक्के येतात. दांडेकरांना हे पटलं नाही. त्या सीमेच्या वर, पण स्वतःच्या गरजेपेक्षा कमी खाणारा माणूस या हिशेबात निसटतो, ही सुखात्म्यांच्या मांडणीवरची टीका मला आजही वजनदार वाटते. पण मध्य म्हणजेच प्रत्येकाची गरज, असं समजणं चूक आहे हा सुखात्म्यांचा मुद्दा खोडता येत नाही. देशात उपाशी किती, याचं उत्तर एका प्रमाण विचलनाच्या दुपटीवर हलत होतं.

आता विरुद्धार्थी शब्द. एखादी आधारसामग्री (डेटा) या वक्रावर बसत नसेल तर 'अपसामान्य' लिहू नका. तो शब्द मानसशास्त्राने घेतला आहे, अपसामान्य मानसशास्त्र म्हणून, आणि त्याला विकृतीचा वास आहे. 'प्रसामान्य नसलेलं' एवढंच पुरे. त्याहून बरं म्हणजे कसं नाही ते सांगणं (उजवीकडे लांब शेपूट असेल तर 'उजवीकडे विषम') : 'या गावांतल्या जमीनधारणेचं वितरण उजवीकडे विषम आहे, म्हणून मध्याऐवजी मध्यक दिला आहे.' परीक्षेत असं वाक्य लिहिलंत तर 'प्र' राहून गेला तरी तपासणाऱ्याला तुम्हाला विषय कळल्याचं कळेल.