एसआयपीचं नंतर बघू, आधी हे कर

बाळा,

काल फोनवर म्हणालास ना, ऑफिसातून एकाच शुक्रवारी नऊ जणांना काढलं आणि तुझी झोप उडालीये, आणि लगेच विचारलंस आत्या एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा टाकतोस ते, चालू ठेवू का बंद करू. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. एसआयपीचं नंतर बघू रे. आधी मला सांग, उद्या पगार थांबला तर घर किती महिने चालेल?

मीच मांडून बघितलं. डोंबिवलीचं भाडं 14 हजार, किराणा दूध भाजी 9, लाईट गॅस मोबाईल लोकलचा पास मिळून 4, गावी पाठवतोस ते 5. झाले 32 हजार. सहा महिन्यांचे 1 लाख 92 हजार. एवढे आधी जमव, आणि सगळ्याची एकच एफडी करू नकोस, 25-25 हजारांच्या वेगवेगळ्या कर, म्हणजे अडचणीत एकच मोडावी लागते, बाकीच्यांचं व्याज चालू राहतं. जास्त व्याज देते म्हणून कुठल्याही बँकेत जाऊ नकोस. माझे पैसे एका बँकेत अडकले होते, काउंटरवर म्हाताऱ्या बायका रडताना बघितल्यात मी. बँक बुडाली तर विम्यातून एका बँकेत एका माणसाला व्याजासकट 5 लाखांपर्यंतच मिळतात, 2020 च्या फेब्रुवारीआधी तर ते 1 लाखच होते. आणि ऑफिसातल्या भिशीला तर तेवढंही संरक्षण नाही.

आता क्रेडिट कार्ड. 40 हजारांचं बिल आणि तू मिनिमम ड्यू, म्हणजे बँक मागते ती कमीत कमी रक्कम, 2 हजार भरतोस, म्हणालास वेळेवर भरतो. अरे महिन्याला साडेतीन टक्के धरले तर 1400 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी 252, म्हणजे तुझ्या 2 हजारांतले मुद्दलात गेले फक्त 348! वर नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. त्यामुळे बोनस आला की सगळ्यात आधी हे फेड, एफडीच्या पण आधी.

तुझ्या आजीचं सांगते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यात आपले अण्णा. लालबागच्या चाळीत सगळ्यांना वाटलं महिन्या दोन महिन्यांत मिटेल. आईला नाही वाटलं. तिने पहिल्याच आठवड्यात वाण्याकडे जाऊन सांगितलं, पगार नाहीये, पण दर शनिवारी थोडं तरी देईन. मग खानावळीचे चार डबे घेतले, पहाटे उठून भाकऱ्या थापायची, आणि शनिवारी कधी 10 कधी 5 रुपये माझ्या मुठीत देऊन मला वाण्याकडे पाठवायची, तो माझ्यासमोर लाल वहीत लिहायचा. शेजारचे लोक उधारी थकली की दुकानावरून जायचं टाळायचे, त्यांची वही बंद झाली. आमची शेवटपर्यंत चालू होती. बांगड्या पण गेल्या तिच्या, पण एकेक करून गेल्या, दोन्ही एकदम नाही.

तेच तू कर. नोकरी गेलीच तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोल, घरमालकाशी बोल. फोन बंद करून बसू नकोस. आणि ऑफिसचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःची पॉलिसी आत्ता तब्येत चांगली आहे तोवरच काढ.

आणि सूनबाईला सांगितलंयस का कार्डाचं? नसशील तर आजच सांग. अण्णांनी पतपेढीचं कर्ज आईपासून लपवलं होतं, ते तिला वसुलीवाला दारात आल्यावर कळलं. संपाबद्दल ती अण्णांना कधी एक शब्द बोलली नाही, पण हे तिला शेवटपर्यंत लागून राहिलं.

रविवारी दोघं या. कार्डाची तीन महिन्यांची स्टेटमेंट आणि पगाराची स्लिप आणा, जेवण झालं की घेऊन बसू.

तुझी आत्या