सोलापूरच्या कंपनीचा प्रवासखर्च : तिकीट मोजू नका, गेट ते गेट फेरी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे : चिंचोळी एमआयडीसीतली टेरी टॉवेल निर्यात करणारी कंपनी, महिन्याला पंचवीस-तीस फेऱ्या. तिकिटे स्थानिक एजंट काढतो, बाकी खर्च माणसे खिशातून करून बिले देतात. मोठ्या कंपन्यांसारखे बुकिंग सॉफ्टवेअर घ्यावे का, आणि सध्या या क्षेत्रात काय चालले आहे?

माझे मत : सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. ही साधने विमानतळ गावातच असलेल्या कंपन्यांसाठी बनलेली आहेत. ती विमानाचे सगळ्यात स्वस्त तिकीट दाखवतात आणि महाग तिकिटाला मंजुरी मागतात. सोलापूरकराची खरी अडचण विमानतळ गाठण्याची असते, आणि ती त्यांना दिसतच नाही. सध्याचा चांगला बदल हा की कंपन्या तिकिटाऐवजी पूर्ण फेरीचा, म्हणजे कंपनीच्या गेटपासून परत गेटपर्यंतचा, खर्च धरू लागल्या आहेत. आपल्याकडे तर तो धरल्याशिवाय हिशेबच लागत नाही.

दिल्लीची फेरी घ्या. पुण्याहून सकाळी सहाचे विमान दीड-दोन हजारांनी स्वस्त दिसते. पण पुण्याच्या लोहगाव विमानतळावर चारपर्यंत पोहोचायचे तर सोलापुरातून रात्री साडेअकराच्या आसपास गाडी निघायला हवी. टॅक्सीवाला अडीचशे किलोमीटर जाण्याचे आणि रिकामे परत येण्याचेही तेवढेच लावतो. किलोमीटरला १४ रुपये धरले तरी ७,००० झाले. टोल आणि चालकाचा रात्रभत्ता वेगळा. माणूस दिल्लीत उतरतो तो झोप न झालेला. त्याऐवजी सकाळी सहाच्या सुमाराची वंदे भारत धरली तर सव्वानऊ-साडेनऊला पुणे स्टेशन, आणि दुपारचे विमान. तिकीट महाग, फेरी स्वस्त. ही गाडी सोलापूरहून गुरुवारी नसते, त्या दिवशी हुतात्मा एक्स्प्रेस. दिल्लीतले काम सकाळीच असेल, तर आदल्या दिवशी जाऊन तिथला मुक्काम मंजूर करा. रात्री दहानंतर कंपनीच्या कामासाठी महामार्गावर गाडी काढायची नाही, हा नियम धोरणात लेखी असू द्या. कर्मचाऱ्याच्या सुरक्षेची जबाबदारी म्हणतात ती आपल्याकडे मुख्यतः हीच आहे.

मुंबईच्या एक दिवसाच्या कामाला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री जाणे अजूनही सरस. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये गोवा आणि मुंबईची सेवा सुरू झाली, तिचा उपयोग जरूर करा. पण विमाने लहान, फेऱ्या मोजक्या. एखादी रद्द झाली की त्याच दिवशी दुसरी मिळेलच असे नाही. परदेशी जाणाऱ्या विमानाला जोडून ती कधीच घेऊ नका. दोन वेगळी तिकिटे असतील तर पहिले चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. बेंगळुरूला उद्यान एक्स्प्रेस दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचवते; हैदराबादहून विमान घेण्याआधी तिचा हिशेब मांडून पाहा.

रेल्वेचे दोन बदल एजंटवर अवलंबून असलेल्यांना अडवतात. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. आणि जुलै २०२५ पासून तत्काळची पहिली ३० मिनिटे अधिकृत एजंटांना बंद आहेत, म्हणजे वातानुकूलित वर्गासाठी १० ते १०.३० आणि इतर वर्गांसाठी ११ ते ११.३०. ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणीही लागते. तेव्हा वारंवार फिरणाऱ्या प्रत्येकाने आपले आयआरसीटीसीचे खाते आधारशी आत्ताच जोडून ठेवावे. खासगी कंपनीतल्या एकाचे रेल्वे तिकीट सहकाऱ्याच्या नावावर करता येत नाही, त्यामुळे 'कोण जाईल ते नंतर ठरवू' असे म्हणून तिकीट काढू नका.

आता जीएसटी. पैसे गळतात ते इथे, आणि वर्षअखेरीला कोणाला सापडत नाहीत. विमानाच्या इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के कर असतो आणि त्याचे बीजक एजंट नव्हे, विमान कंपनी देते. बुकिंग करतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक, नोंदणीतले तंतोतंत नाव आणि लेखा विभागाचा ईमेल भरला गेला पाहिजे. एजंटने घाईत स्वतःचा क्रमांक टाकला किंवा कर्मचाऱ्याने वैयक्तिक म्हणून तिकीट काढले, की ते बीजक तुमच्या २बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी तुमच्या नावावर दाखवलेल्या बीजकांच्या जीएसटी पोर्टलवरच्या मासिक यादीत, येतच नाही, आणि २बी मध्ये नाही म्हणजे तो कर आपल्या जीएसटीतून वळता करता येत नाही, वजावट नाही. रेल्वेच्या वातानुकूलित तिकिटालाही हेच लागू. म्हणून दर महिन्याला पीएनआरनुसार यादी करून २बीशी ताडा. वर्ष संपल्यावर ३० नोव्हेंबर ही शेवटची मुदत असली, तरी आठ महिन्यांपूर्वीच्या तिकिटाचे बीजक दुरुस्त करून घेणे जवळपास अशक्य असते.

हॉटेलचा नियम वेगळा. कर हॉटेल असलेल्या राज्यात लागतो. बेंगळुरूच्या हॉटेलने लावलेला कर्नाटकचा कर महाराष्ट्राच्या नोंदणीवर वजावटीत घेता येत नाही, तो खर्चच. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दरात फरक २०० चा, बिलात १,१९८ चा. परराज्यातली मर्यादा ७,५०० च्या आत ठेवायला एवढे कारण पुरे. तेरापर्यंत आसनांच्या भाड्याच्या गाडीवरचा आणि जेवणावरचा कर सहसा वजावटीत मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने वैयक्तिक टॅक्सीमालकाकडून इंधनासह गाडी घेतली, तर ५ टक्के कर उलट आकारणीने तुम्हालाच भरावा लागू शकतो. टॅक्सीची खाती घेऊन एकदा सीएसमोर बसा.

विमानाचे तिकीट परत न मिळणारे असले, माणूस गेलाच नसला, तरी विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात. डीजीसीएचा (विमान वाहतुकीचे सरकारी नियामक) तसा नियम आहे, पण मागितल्याशिवाय पैसे सहसा येत नाहीत. न वापरलेल्या तिकिटांची यादी एजंटकडून दर महिन्याला लेखी मागा. विमान कंपन्यांचे कॉर्पोरेट भाडे, म्हणजे कंपन्यांसाठीचे वेगळे भाडे, तेही त्याच्याकडून मागा. त्यात बदलाचे शुल्क कमी आणि बहुधा जेवण धरलेले असते. ज्यांच्या भेटी सारख्या पुढे ढकलल्या जातात त्यांना हे भाडे परवडते, तारीख पक्की असलेल्याला साधे तिकीटच स्वस्त.

खर्च कर्मचाऱ्याच्या खिशातून होऊ देऊ नका. हॉटेलचे पैसे कंपनीने थेट भरावेत, बाकीसाठी मर्यादा घातलेले कार्ड किंवा कंपनीच्या खात्याचे यूपीआय द्यावे. रोखीत एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर दिले तर तो खर्च आयकरात धरला जात नाही.

निर्यातदार म्हणून अजून दोन गोष्टी. जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल या घरगुती कापडाच्या प्रदर्शनाला जाणार असाल तर शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ऑक्टोबर संपायच्या आत तो करून टाका. बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईला जावे लागते, तो दिवसही फेरीत धरा. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर प्रवेश-निर्गमनाची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहण्याची मर्यादा आता यंत्र मोजते. दुसरे, युरोपातले खरेदीदार आता पुरवठादाराकडून कार्बनचा हिशेब मागू लागले आहेत, आणि कामासाठीचा प्रवास त्यातल्या स्कोप ३ मध्ये, म्हणजे कंपनीच्या कामामुळे बाहेर इतरत्र होणाऱ्या उत्सर्जनात, येतो. त्यासाठी वेगळे साधन नको. प्रत्येक फेरीसमोर साधन, वर्ग आणि किलोमीटर हे तीन रकाने एक्सेलमध्ये आजपासून भरा.

हे रकाने, २बीची ताडणी आणि एजंटची मासिक यादी सहा महिने नीट चालली, की सॉफ्टवेअर विकणाऱ्याला बोलवा. त्याला पहिला प्रश्न हा विचारा : पुणे, हैदराबाद आणि होटगी रोड हे तिन्ही विमानतळ, गाडीभाड्यासह, एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दाखवता येतील का?