मानसिक आरोग्य शिकवणाऱ्या नव्या प्राध्यापकास

रुजू होताच चार संघटनांची वर्गणी भरू नये. मी भरली, आणि नियतकालिके वर्षभर पाकिटातच राहिली. आपला विषय चिकित्सा मानसशास्त्र असल्यास १९६८ साली स्थापन झालेली इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स पुरेशी आहे. सदस्यत्वाची पात्रता मात्र आधी पाहावी. अधिवेशनात चहाच्या रांगेत एखाद्या सहकाऱ्यास विचारावे, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरणारे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम ११५ वर्गात कोणत्या उदाहरणाने शिकवतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका दोन:

- प्रमाणपत्रापुरती हजेरी लावणे.
- नाव गाळून रुग्णाची हकिकत व्हॉट्सॲप गटात टाकणे. वय, गाव आणि व्यवसाय यांवरून माणूस सहज ओळखू येतो.

समित्यांचे पुढच्या वर्षी पाहू.